वाळूखालचें पाणी

गेल्या हिंवाळ्यांत चामोर्शीहून मोटारीनें निघून आम्हीं उभयतांनीं जोधपूर, जेसलमेर व समच्या वाळूच्या टेकड्या पाहिल्या. सोबत अनुपम मिश्र यांचें १९९५ सालीं निघालेलें ‘राजस्थान की रजत बूँदें’ हें हिंदी पुस्तक होतें. मरुभूमीचीं प्रवासवर्णनें बहुधा किल्ला, उंट व सूर्यास्त यांपलीकडे जात नाहींत. (आमची रोजनिशीही त्याच वाटेनें गेली, हें कबूल केलें पाहिजे.) मिश्र मात्र वाचकाला विहिरीच्या तोंडाशीं नेऊन उभें करतात. वाळूखालीं कोठें कोठें जिप्समचा थर असतो. तो पावसाचा ओलावा खालच्या खाऱ्या पाण्यांत मिसळूं देत नाहीं. थरापर्यंत खणलेल्या अरुंद ‘कुंई’त तोच ओलावा थेंबाथेंबानें झिरपतो; दिवसाकाठीं मोजक्या घागरी! हें सारें लेखकानें इतक्या साध्या भाषेंत सांगितलें आहे कीं, शास्त्र वाचतों आहों याचा विसर पडतो. स्वर मात्र बहुतेक स्तुतीचा. “घागर वाहणारीच्या मानेला हें काव्य कितपत जाणवत असेल?” असें आमच्या सहधर्मचारिणीनें विचारलें, तेव्हां आम्हांला उत्तर सुचलें नाहीं. तरीही आमच्याकडील धानाला पाणी देणाऱ्या मालगुजारी तलावांवर मराठींत कोणीं इतक्या आस्थेनें लिहिलें, तर तें आम्ही आधीं विकत घेऊं.