सराव झाला, समज कुठे?

चाचण्यांमागून चाचण्या घेणाऱ्या ‘लातूर पॅटर्न’ने लातूर-नांदेडच्या विद्यार्थ्यांना अभ्यासाची शिस्त लावली, हे आम्ही मानतो. २०२५ च्या ‘नीट’मध्ये १८० मिनिटांत १८० प्रश्न होते, तिथे वेग हवाच. पण प्रश्नसंच पर्याय विचारतात, कारण नाही.

४० व १०० वॅटचे, २३० व्होल्टचे टंगस्टन तारेचे दोन दिवे एकसर जोडणीत लावले, तर जास्त उजेड कोणाचा? ४० वॅटचा! प्रवाह दोन्हींतून सारखाच, रोध मात्र त्याचा अधिक. वर फेकलेला चेंडू शिखरबिंदूला क्षणभर थांबतो. त्वरण मात्र तिथेही खाली ९.८ मी/से² असतेच.

नुसता सूत्रांचा सराव इथे फसतो. म्हणून प्रत्येक चाचणीत निदान एका उत्तरापुढे ‘का?’ लिहून घ्यावे, अशी आमची शिक्षकांना सूचना आहे.