हॅम्बुर्गचे सभ्य गृहस्थ

अनिता देसाई यांची ‘बॉमगार्टनर्स बॉम्बे’ ही इंग्रजी कादंबरी १९८८ साली प्रसिद्ध झाली. ती वाचून झाल्यावर मनात रेंगाळतो तो मुंबईत मांजरांच्या सोबतीने दिवस कंठणारा वृद्ध जर्मन ज्यू, ह्यूगो बॉमगार्टनर. मला मात्र या कादंबरीचे मर्म बर्लिनमधील आरंभीच्या प्रकरणांत, एका दुय्यम पात्रात सापडले. ते पात्र म्हणजे हॅम्बुर्गचे एक सभ्य गृहस्थ.

ह्यूगोच्या वडिलांचे बर्लिनमध्ये उंची लाकडी सामानाचे दालन असते. हे गृहस्थ त्यांना लाकूड पुरविणारे व्यापारी. नाझी राजवटीत वडिलांना डाखाऊच्या छळछावणीत नेले जाते. सुटून आल्यावर खचलेला तो माणूस आत्महत्या करतो. मग हे गृहस्थ धंदा आपल्याकडे घेतात. ते ओरडत नाहीत, धमकावीत नाहीत. उलट वडील गमावलेल्या ह्यूगोला हिंदुस्थानात जाण्याची वाटही तेच सुचवितात. घेणाराच उपकारकर्ता ठरतो!

या सौजन्यामागे राजसत्ता उभी होती. एप्रिल १९३८ मध्ये पाच हजार मार्कांहून अधिक मालमत्तेची नोंद करणे ज्यूंवर सक्तीचे झाले. त्याच वर्षी ९ नोव्हेंबरच्या रात्री त्यांची दुकाने व प्रार्थनामंदिरे फोडण्यात आली. तीनच दिवसांनी शासनाने त्यांच्यावरच एक अब्ज मार्कांचा दंड बसविला आणि किरकोळ व्यापार व कारागिरी त्यांना बंद केली. डिसेंबरच्या हुकमाने ज्यू मालकाला कारखाना विकण्याची मुदत घालून देण्याचा व त्यावर विश्वस्त नेमण्याचा अधिकार शासनाकडे आला. या लुटीला ‘आर्यीकरण’ असे नाव मिळाले. विक्रीखत होते, सही होती. नव्हते ते केवळ विकणाऱ्याचे स्वातंत्र्य.

देसाईंचे सामर्थ्य असे की, ही लूट त्या बर्लिनमध्येच संपवीत नाहीत. मुंबईत चिमणलाल या व्यापाऱ्याशी ह्यूगोची भागीदारी शब्दावर चालते. चिमणलाल वारल्यावर त्याचा मुलगा ती मानीत नाही. शेवटी कुर्ट नावाचा जर्मन तरुण शर्यतीच्या चांदीच्या चषकांसाठी म्हाताऱ्या ह्यूगोचा खून करतो. पहिल्याने कागद करून घेतले, दुसऱ्याने कागद नाही म्हणून नाकारले, तिसऱ्याने सुरा वापरला. गुन्हेगार म्हणून आपण ओळखतो तो तेवढा तिसरा.

कादंबरीची उणीवही येथेच आहे. हॅम्बुर्गच्या गृहस्थांच्या मनात लेखिका शिरत नाही. किंमत कशी ठरली, सही करताना त्यांचा हात थबकला का, हे आपल्याला फारसे कळत नाही. बुजऱ्या ह्यूगोच्या नजरेतून कथा सांगितल्याने हे घडते हे खरे. पण त्यामुळे वाचकाची सुटका होते. बळीबद्दल हळहळणे सोपे असते. स्वस्तात मिळालेली वस्तू घेणाऱ्याच्या जागी स्वतःला पाहणे कठीण.

धर्मगुरू म्हणून मला ही सुटका घेता येत नाही. १ एप्रिल १९३३ रोजी ज्यू दुकानांवर बहिष्कार पुकारला गेला, तेव्हा बर्लिनच्या एका बँक-संचालकाने जर्मन बिशपांनी मध्ये पडावे अशी विनंती केली होती. कार्डिनल बर्ट्राम यांनी इतर आर्चबिशपांना कळविले ते असे की, हा आर्थिक लढा आहे आणि ख्रिस्तसभेशी निकटचा संबंध नसलेल्या गटाचा आहे. जाहीर निषेध झाला नाही. ‘हा व्यवहाराचा प्रश्न आहे’ हे वाक्य किती निरुपद्रवी वाटते!

जुन्या करारातील अहाब राजानेही नाबोथाचा मळा दरोडा घालून घेतला नव्हता. राजाच्या शिक्क्याची पत्रे होती, साक्षीदार होते, गावचे वडीलजन न्यायाला बसले होते. तरीही एलिया संदेष्ट्याने राजाला मळ्यातच गाठले आणि त्या कागदपत्रांची विचारपूसही केली नाही.

आपल्या मराठवाड्यात विधवेच्या अंगठ्याच्या ठशावर दिराच्या नावे चढलेली जमीन कोणी पाहिली नाही? सातबारा स्वच्छ असतो, आणि रविवारी आपण त्या दिराशेजारीच प्रार्थनेला बसतो. हे पुस्तक वाचावे ते ज्यूंच्या कणवेसाठी तर खरेच. पण त्याहून अधिक, हॅम्बुर्गच्या त्या गृहस्थांची ओळख पटावी म्हणून.