सूट, सवलत, माफी : घरपट्टीच्या ठरावांची भाषा

नगरपालिकेच्या ठरावाची गणना वाङ्मयात करण्याची आपल्याकडे प्रथा नाही. तथापि ज्या गद्याचा सामान्य माणसाच्या संसारावर प्रतिवर्षी प्रत्यक्ष परिणाम होतो, त्याची चिकित्सा भाषाभ्यासकाने टाळावी, हेही उचित नव्हे. निवासी घरांना दिल्या जाणाऱ्या कर-सवलतींच्या शब्दयोजनेचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. दृष्टीसमोर मुरुमसारखे लहान गाव आहे. उदाहरणे मात्र मोठ्या शहरांची घेतली आहेत, कारण या सवलतींचे वाद तेथे उघडपणे झाले.

धाराशिव जिल्ह्यातील मुरुम १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होते. हैदराबाद जिल्हा नगरपालिका अधिनियम, १९५६ याची जागा पुढे राज्यातील सर्व नगरपालिकांसाठी केलेल्या १९६५ च्या अधिनियमाने घेतली. त्याच सुमारास, १९६४ च्या राजभाषा अधिनियमाने, मराठीला कारभारात अधिकृत स्थान मिळाले. परिणामी करविषयक शब्दसंग्रहात अनेक थर साचले आहेत. ‘करयोग्य मूल्य’ व ‘शास्ती’ हे संस्कृत वळणाचे. ‘जकात’ व ‘माफी’ अरबी मूळचे. ‘मालमत्ता कर’ हा तर दोहोंचा संकर. लोकांच्या तोंडी मात्र ‘घरपट्टी’ हाच शब्द टिकला. ‘पट्टी’ या शब्दात, गावाने मिळून उचलावयाच्या खर्चातील आपला वाटा, हा अर्थ आजही जिवंत आहे. ‘मालमत्ता कर’ म्हणताच तो वाटा मागे पडतो व मालकी पुढे येते.

कर कमी करण्यासाठी तीन शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात. ‘सूट’ हा ‘सुटणे’ या धातूपासून आलेला. देय रकमेतील काही भाग सुटला, एवढेच तो सांगतो. ‘सवलत’ म्हणजे सुकरता. तीत देणाऱ्याची अनुकूलता गृहीत असते. ‘माफी’ला तर आधी अपराध लागतो. छोट्या घरात राहणे हा अपराध नसता त्याच्या कराला ‘करमाफी’ म्हणणे, आणि थकबाकीदारासाठीच्या योजनेस ‘अभय योजना’ असे राजदरबारी नाव देणे, यात नागरिकाची प्रजा होते. थकबाकीवर दरमहा २ टक्के शास्तीची तरतूद असताना ती वेळोवेळी माफ होऊ लागली, तर मुदतीत पट्टी भरणाऱ्याची स्थिती काय, हा प्रश्न या शब्दांत उमटतच नाही.

शब्दाच्या शिथिलतेचे ठळक उदाहरण मुंबईचे आहे. ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांचा मालमत्ता कर माफ, असे आश्वासन लोकांनी ऐकले. २०१९ मध्ये प्रत्यक्षात माफ झाला तो त्यातील ‘सर्वसाधारण कर’ हा एक घटक. इतर घटक देयकात कायम राहिले. संपूर्ण करमाफीचा निर्णय जानेवारी २०२२ मध्ये जाहीर झाला. मधल्या काळातील संभ्रमाचे मूळ, समुच्चयवाचक संज्ञा उच्चारून अवयव देण्यात होते.

पुण्याचे उदाहरण निराळे आहे. स्वतः घरात राहणाऱ्या मालकास ४० टक्क्यांची सवलत तेथे १९७० च्या ठरावाने मिळत आली. पुढे तिच्या वैधतेवर आक्षेप आले, शासनाने २०१८ मध्ये ती रोखली आणि २०२३ मध्ये पुन्हा मान्य केली. या वेळी मात्र अनेक मिळकतधारकांना पीटी-३ हा नमुना भरून स्वतःचा निवास सिद्ध करावा लागला. जे अर्धशतक गृहीत होते, ते आता अर्जदाराने शाबीत करावयाचे झाले. ‘सवलत’ हा शब्द तोच राहिला. तिच्या मागची क्रिया बदलली.

ठरावांचे व्याकरणही तपासण्याजोगे आहे. ‘सवलत देण्यात येत आहे’ ही रचना कर्त्याला वाक्याबाहेर ठेवते. देणारा दिसत नाही, आणि ज्याच्या खर्चाने दिले जाते तो तर मुळीच नाही. मोठ्या महापालिकेस हे पेलत असेल. नगरपालिकांची जकात १९९९ मध्ये रद्द झाल्यानंतर लहान गावांना स्वतःच्या उत्पन्नाचे मुख्य साधन घरपट्टी व पाणीपट्टी हेच उरले. बाकी भिस्त अनुदानावर. त्यातही पंधराव्या वित्त आयोगाने नागरी संस्थांच्या अनुदानास मालमत्ता कराचे किमान दर अधिसूचित करण्याची व वसुलीत वाढ दाखविण्याची अट जोडली. अशा स्थितीत मुरुमसारख्या गावी सोडलेला प्रत्येक रुपया दिवाबत्ती, गटार वा नळ यांपैकी कशातून तरी वजा होतो.

सवलती देऊच नयेत, असे आमचे म्हणणे नाही. लहान घरातील कुटुंबास, वृद्धास वा विधवेस दिलासा देणे न्याय्यच आहे. आग्रह एवढाच, की ठरावाचे वाक्य पूर्ण असावे : कोणी, कोणास, कराच्या कोणत्या घटकात, किती वर्षे सूट दिली, आणि ती तूट कोठून भरून निघणार. या पाच पदांपैकी एक जरी गळाले, तरी ते वाक्य व्याकरणदृष्ट्या शुद्ध राहूनही नागरिकाच्या दृष्टीने अपुरेच ठरते. आणि अपुऱ्या वाक्याची किंमत, मुंबई व पुणे येथे दिसले त्याप्रमाणे, अखेरीस घरपट्टी भरणाऱ्यालाच मोजावी लागते.