लीरॉय जेन्किन्स : ऑनलाइन खेळातील थट्टा आणि पत

प्रास्ताविक

‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ हा ऑनलाइन खेळ नोव्हेंबर २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. मे २००५ मध्ये त्यातील एका संघाची काही मिनिटांची चित्रफीत जगभर गाजली. ड्रॅगनच्या अंड्यांनी भरलेल्या दालनात शिरण्यापूर्वी खेळाडू गंभीरपणे योजना आखत असतात. एक जण तगून राहण्याची शक्यता ३२.३३ टक्के असल्याचे सांगतो, शिवाय दशांश आवर्ती असल्याचेही नमूद करतो. तेवढ्यात लीरॉय जेन्किन्स हा खेळाडू स्वतःच्याच नावाची आरोळी ठोकून आत धावतो आणि सर्वांचा नाश ओढवतो. सहकारी शिव्या देतात. तो उत्तरतो की, निदान आपल्याजवळ कोंबडी तरी आहे! हे प्रहसन मानून त्यातील थट्टा आणि पत यांचा संबंध तपासणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

विवेचन

मानववंशशास्त्रज्ञ रॅडक्लिफ-ब्राउन यांनी १९४० मध्ये ‘थट्टेच्या नात्यां’ची मीमांसा केली. अशा नात्यात एकाला थट्टेची मुभा असते व दुसऱ्याने राग मानायचा नसतो. आपल्याकडील दीर-भावजयीची थट्टा याच प्रकारची होय. अशा थट्टेला आधार असतो तो टिकाऊ सहवासाचा.

खेळाच्या सुरुवातीच्या वर्षांत असा सहवास होता. मोठ्या मोहिमेला एकाच सर्व्हरवरील ४० खेळाडू लागत. त्यामुळे खेळातील नाव हीच पत ठरे. चुकणाऱ्याची थट्टा ही शिक्षा होती, तसाच पुनःप्रवेशही होता. ज्याचा किस्सा सांगितला जातो, तो समूहातच राहतो.

या प्रहसनाचे सामर्थ्य असे की, हसू केवळ लीरॉयचे होत नाही. दशांशापर्यंत हिशेब करणारे योजनाकारही हास्यास्पद ठरतात. हा सारा प्रसंग अभिनीत होता, हे निर्मात्यांनी २०१७ मध्ये उघड केले. त्यामुळे त्याचे मोल घटत नाही. उलट, स्वतःचीच फजिती रंगवण्याइतका त्या संघाला आपल्या पतीचा विश्वास होता, असे दिसते. २००८ मध्ये तर खेळातच, १५ सेकंदांत ५० पिले मारणाऱ्यास ‘जेन्किन्स’ हा किताब मिळू लागला. थट्टेचे नाव बिरुद झाले.

तथापि, या प्रहसनात थट्टेची दुसरी बाजू येत नाही. डिसेंबर २००९ मध्ये निरनिराळ्या सर्व्हरवरील अनोळखी खेळाडूंचा गट आपोआप जुळवण्याची सोय या खेळात आली. प्रतीक्षा कमी झाली. पण पुन्हा भेटण्याची खात्रीही गेली. अनोळखी गटात थट्टा कोणते रूप घेते, हे ‘हॅलो ३’ या दुसऱ्या खेळावरील, २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातून दिसते. संशोधकांनी ध्वनिमुद्रित आवाज वापरून सामने खेळले, तेव्हा स्त्रीच्या आवाजाला पुरुषाच्या आवाजापेक्षा सुमारे तिप्पट नकारात्मक शेरे मिळाले. येथे पत कमावण्यापूर्वीच ती नाकारली गेली होती.

समारोप

‘थट्टाच तर होती’ हा बचाव म्हणूनच अपुरा ठरतो. थट्टेची कसोटी हसू आले की नाही ही नव्हे, तर ज्याची थट्टा झाली त्याला तितक्याच मोकळेपणी उलटून बोलता येते की नाही, ही आहे. लीरॉयला कोंबडीचे उत्तर देता आले, कारण त्याचा संघ ते ऐकण्यास थांबला होता. जेथे कोणी थांबतच नाही, तेथे थट्टा व अवमान यांतील सीमारेषा पुसली जाते.