‘हापशाने’ की ‘हापसा असलेले’? : विशेषण आणि क्रियाविशेषणाचा घोळ

पीएचडीला लागल्यावर शाळेचं व्याकरण परत उघडावं लागेल असं वाटलं नव्हतं. माझा विषय भूजल. पहिल्या मसुद्यात मी लिहिलं होतं, ‘वुई सॅम्पल्ड वॉटर फ्रॉम बोअरवेल्स विथ अ हँड पंप.’ सरांनी पेन्सिलीने गोल केला आणि विचारलं, “पाणी हापशाने काढलं, की हापसा असलेलेच बोअर निवडले?”

उत्तर मला माहीत होतं, पण वाक्यात ते नव्हतं. आणि फरक मोठा आहे. हापसा असलेलेच बोअर निवडले, तर शेतातले मोटारीचे बोअर अभ्यासाबाहेर गेले. उद्या कुणी हीच पद्धत वापरायला निघाला, तर तो भलत्याच बोअरवर जाऊन उभा राहील.

‘विथ अ हँड पंप’ हे ‘सॅम्पल्ड’ला जोडलं तर क्रियाविशेषणाचं काम, ‘बोअरवेल्स’ला जोडलं तर विशेषणाचं. आपल्याला शिकवलेल्या खुणा इथं कामाला येत नाहीत. शेवटी ‘ली’ आलं की ॲडव्हर्ब, ही तर अगदीच कच्ची खूण. ‘फ्रेंडली’ आणि ‘कॉस्टली’ विशेषणं आहेत. दुसरी खूण जास्त फसवते: ‘कुठे, कसं, केव्हा’ विचारा, उत्तर आलं की क्रियाविशेषण. अहो, ‘द बुक ऑन द टेबल’मध्येही ‘कुठे’चं उत्तर मिळतंच की! विचारायचं ते ‘कुणाबद्दल?’ रेन आणि मार्टिनच्या पुस्तकात विशेषणाचं काम करणारे आणि क्रियाविशेषणाचं काम करणारे शब्दसमूह वेगळे दाखवलेत. खुणा तेवढ्या पाठ केल्या आपण.

गंमत म्हणजे हा फरक आपण घरी बोलताना कधी चुकवत नाही. ‘टेबलावर पुस्तक ठेवलं’ आणि ‘टेबलावरचं पुस्तक ठेवलं’. ‘काल पेपर वाचला’ आणि ‘कालचा पेपर वाचला’. ‘विहिरीमध्ये’ आणि ‘विहिरीमधलं’. मुदखेड स्टेशनवर ‘आदिलाबादहून गाडी आली का?’ आणि ‘आदिलाबादची गाडी आली का?’ यांत कुणाचा गोंधळ होत नाही. म्हणून इंग्रजी वाक्य अडलं की मी मनात मराठी करतो. ‘चा’, ‘ला’ किंवा ‘असलेला’ लागला, तर तो शब्दसमूह नामाचा.

पण ही युक्तीही डोळे झाकून वापरू नका. ‘तो रात्रीचा येतो, ती रात्रीची येते’ यात ‘चा’ आहे, लिंगाप्रमाणे बदलतोय, तरी काम क्रियाविशेषणाचंच. ‘ती चांगली गाते’ तसंच. १८३६ साली दादोबा पांडुरंग तर्खडकरांचं मराठी व्याकरण आलं, तेव्हा त्यावर इंग्रजी व्याकरणाच्या मांडणीची छाप होती. शब्दांच्या आठ जाती आपण आजही शिकतो आणि त्यात क्रियाविशेषण ‘अव्यय’, म्हणजे न बदलणारं. मग ‘रात्रीची’चं काय करायचं? रूपावरून जात ठरवायची सवय इथं उघडी पडते, मराठीतही.

म्हणून इंग्रजीतली एक तपासणी सोबत ठेवा. तो शब्दसमूह वाक्याच्या सुरुवातीला नेऊन बघा. ‘विथ अ हँड पंप, वुई सॅम्पल्ड…’ म्हटल्यावर हापसा हे पाणी काढायचं साधन झालं. मला ते म्हणायचंच नव्हतं. नवीन मसुद्यात वाक्य असं आहे: ‘वुई सॅम्पल्ड ओन्ली दोज बोअरवेल्स दॅट हॅड अ हँड पंप.’ थोडं लांबलंय, चालतंय.