नवजात शिशूंच्या पुनरुज्जीवनातील श्वसनसाधने : शिरूर-दौंड परिसराच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रास्ताविक

पुसून व चोळूनही जे बाळ श्वास घेत नाही, त्याच्या फुफ्फुसांत जन्मानंतर एका मिनिटाच्या आत हवा पोहोचविण्यास सुरुवात व्हावी, असे जागतिक आरोग्य संघटनेची २०१२ ची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. त्यासाठीचे रूढ साधन म्हणजे चेहऱ्यावर दाबून धरावयाचा बॅग-मास्क. स्वरयंत्राच्या तोंडाशी बसणारा लॅरिंजियल मास्क हा त्याला सुचविला गेलेला पर्याय होय. यासंबंधीचे संशोधन प्रामुख्याने ‘कोणते साधन श्रेष्ठ?’ असा प्रश्न विचारते. भीमेच्या दोन तीरांवरील शिरूर व दौंड या तालुक्यांसाठी हा प्रश्न अपुरा ठरतो, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

गडचिरोलीचा पुरावा

डॉ. अभय बंग व सहकाऱ्यांनी गडचिरोलीतील घरगुती बाळंतपणांचा अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध केला. तेथे १९९३ ते १९९५ या काळात प्रशिक्षित दाया तोंडाने श्वास देत. पुढे गावातील आरोग्यसेवकांनी १९९६ ते १९९९ नळी-मास्क आणि १९९९ ते २००३ बॅग-मास्क वापरला. तीव्र श्वासावरोध झालेल्या बाळांतील मृत्यूंचे प्रमाण ३९ टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आले. हे यश निर्विवाद मोठे आहे. तथापि साधनांची तुलना एकामागून एक आलेल्या कालखंडांत झाली. प्रत्येक नव्या साधनाबरोबर सेवकांचा अनुभवही वाढत होता. नळी-मास्कच्या तुलनेत बॅग-मास्कने दाखविलेली अधिक घट संख्याशास्त्रीयदृष्ट्या लक्षणीय नव्हती. म्हणजे श्रेय साधनाचे किती व सरावलेल्या हाताचे किती, हे या मांडणीतून वेगळे काढता येत नाही.

बेळगाव आणि कंपाला

बेळगाव परिसरातील प्रशिक्षणाचा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. साधे बॅग-मास्क तंत्र शिकविल्यानंतर उपजत मृत्यूंचे प्रमाण ३.० वरून २.३ टक्क्यांवर आले. नवजात मृत्युदरात मात्र बदल आढळला नाही. श्वास सुरू करून देणे आणि बाळ जगविणे यांत अंतर आहे, असाच याचा अर्थ होतो.

कंपालातील मुलागो रुग्णालयाचा अनुभव याहून बोलका आहे. २०१८ च्या छोट्या अभ्यासात लॅरिंजियल मास्कने बाळे सरासरी १५३ सेकंदांत स्वतः श्वास घेऊ लागली. साध्या मास्कने २१६ सेकंद लागले. परंतु हजाराहून अधिक बाळांवरील २०२० च्या यादृच्छिक चाचणीत मृत्यू किंवा मेंदूची गंभीर इजा यांचे एकत्रित प्रमाण अनुक्रमे २७.४ व २४.४ टक्के आले. हा फरक लक्षणीय नव्हता. सुइणींच्या हाती नवे साधन सुरक्षित ठरले, श्रेष्ठ ठरले नाही. शिवाय दोन किलोंहून कमी वजनाची बाळे या चाचणीतून वगळलेली होती. अपुऱ्या दिवसांच्या बाळांचा प्रश्न त्यामुळे अनुत्तरितच राहतो.

शिरूर-दौंडचा संदर्भ

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रातील ९४.७ टक्के बाळंतपणे संस्थांत होतात. प्रश्न आता घरातून प्रसूतिकक्षात आला आहे. साधारणतः ३ ते ६ टक्के नवजातांना मास्कने श्वास द्यावा लागतो. समजा, एखाद्या प्राथमिक आरोग्य केंद्रात महिन्याला दहा बाळंतपणे होतात. वर्षाला हा प्रसंग चार ते सात वेळा येईल. चार परिचारिका पाळीने काम करीत असतील, तर प्रत्येकीच्या वाट्याला तो वर्षातून एक-दोनदाच येतो. साधन कोणतेही असो, इतक्या तुटपुंज्या सरावावर कौशल्य टिकत नाही.

रात्रपाळीत एकटी असलेल्या परिचारिकेला चेहऱ्यावर मास्क हवाबंद धरणे कठीण जाते, हा लॅरिंजियल मास्कच्या बाजूचा आक्षेप रास्त आहे. पुरेशी साधने व प्रशिक्षण असतील तेथे ३४ आठवड्यांपुढील बाळांसाठी तो चेहऱ्यावरील मास्कऐवजी वापरता येईल, अशी सूचना आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ समितीनेही २०२२ मध्ये केली. पण ‘पुरेशी साधने व प्रशिक्षण’ ही अटच येथे मुळात वादाचा विषय आहे. बॅग-मास्क निर्जंतुक करून पुन्हा वापरता येतो. आय-जेल हे साधन मात्र एकदाच वापरण्यासाठी बनविलेले आहे. त्याचा अखंड पुरवठा कोण करणार, हा प्रश्न खरेदीच्या आधी विचारला पाहिजे.

समारोप

केईएम रुग्णालय संशोधन केंद्राने वढू येथून शिरूर व हवेली तालुक्यांतील गावांत २००२ पासून लोकसंख्येची नियमित नोंद ठेवली आहे. अशा नोंदींच्या आधारे प्रसूतिकक्षातील पहिले मिनिट आणि बाळाचा पुढील महिना यांची सांगड घालता येईल. दौंड तालुक्यातही तीच पद्धत अवलंबिल्यास तुलना शक्य होईल. साधनांच्या स्पर्धेऐवजी तीन गोष्टी मोजल्या जाव्यात : परिचारिकेने महिन्यातून किती वेळा बाहुलीवर सराव केला, पहिला श्वास किती सेकंदांत दिला गेला आणि ते बाळ अठ्ठाविसाव्या दिवशी जिवंत होते काय. यांची उत्तरे हाती नसताना घेतलेले नवे साधन कपाटाची शोभा वाढवील. बाळाच्या श्वासाची हमी देणार नाही.