विश्वास आणि भक्ती : मराठी ख्रिस्ती वाङ्मयाच्या मूल्यमापनाचा एक प्रश्न

मराठी ख्रिस्ती वाङ्मयाचा विचार करताना समीक्षकांनी बहुधा एकच निकष वापरला आहे : हे वाङ्मय कितपत एतद्देशीय झाले? या निकषाने फादर स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ आणि रेव्हरंड ना. वा. टिळक यांचे अभंग अग्रभागी येतात. शास्त्राचे भाषांतर करणारे व त्यावर टीका लिहिणारे लेखक वाङ्मयेतिहासाच्या तळटीपांत जातात. हा निकष चुकीचा नव्हे. परंतु तो अपुरा आहे. श्रद्धेचे वाङ्मय हे प्रथमतः श्रद्धेने जगू पाहणाऱ्यांसाठी लिहिलेले असते. म्हणून एखादा शब्द श्रोत्याला परिचित आहे की नाही, याबरोबरच तो शब्द स्वीकारणाऱ्याला कोणत्या जीवनक्रमाशी बांधतो, हाही प्रश्न विचारला पाहिजे.

या प्रश्नाचा आरंभ स्टीफन्सपाशी होतो. १५७९ मध्ये गोव्यास आलेला हा इंग्रज जेझुइट धर्मोपदेशक एकनाथांचा व दासोपंतांचा समकालीन. नव्याने ख्रिस्ती झालेल्यांना पुराणश्रवणाची सवय होती आणि त्या श्रवणाला ते मुकले होते. त्यांच्या मागणीतून सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ सिद्ध झाला आणि १६१६ मध्ये रोमन लिपीत छापला गेला. त्यात स्वर्गाला ‘वैकुंठ’ म्हटले आहे. ओवीचे माध्यम स्वीकारले की तिच्याबरोबर तिचे जगही येते; ते किती घ्यावे आणि किती नाकारावे, हा प्रश्न पुढील प्रत्येक मराठी ख्रिस्ती लेखकापुढे उभा राहिला.

बीड जिल्ह्यातील, गेवराई तालुक्यातील उमापूर या गावी उभे राहून पाहिले असता हा प्रश्न केवळ ग्रंथांपुरता राहत नाही. जवळच गोदाकाठी एकनाथांचे पैठण आहे. याच जिल्ह्यात दासोपंतांचे अंबाजोगाई आहे. पश्चिमेकडे अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) जिल्हा लागतो. तेथे अमेरिकन मराठी मिशनने १८३१ मध्ये आपले ठाणे केले व १८४२ मध्ये ‘ज्ञानोदय’ सुरू केले. उत्तरेस जालन्याजवळ रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी बेथेल ही ख्रिस्ती वसाहत उभी केली. ओवी-अभंगांचा प्रदेश आणि मिशनचा प्रदेश येथे एकमेकांस भिडतात. नगर व जालना भागांतील खेड्यांत जे ख्रिस्ती झाले त्यांत पूर्वाश्रमीच्या महार व मांग समाजांतील लोकांचा भरणा मोठा होता. अभंग त्यांच्या कानांत होता, देऊळ मात्र त्यांना बंद होते. चोखोबांची समाधी पंढरपूरच्या महाद्वाराबाहेर आहे, आणि त्या मंदिराचे दार अस्पृश्य मानलेल्यांना उघडण्यासाठी साने गुरुजींना १९४७ मध्ये उपोषण करावे लागले. अशा श्रोत्याला भक्तीची परिभाषा आपलीही वाटणार आणि सलतही राहणार. ‘एतद्देशीय’ या एका शब्दाने हा अनुभव व्यक्त होत नाही.

शास्त्राच्या मराठी भाषांतरात हीच अडचण शब्दाशब्दाला येते. योहानाच्या शुभवर्तमानाच्या तिसऱ्या अध्यायात येशू निकदेमाला ज्या जन्माविषयी सांगतो त्याला ‘पुनर्जन्म’ म्हणता येत नाही, कारण तो शब्द कर्मविपाकाशी बांधलेला आहे. तेथे ‘नव्याने जन्म’ असेच म्हणावे लागते. ‘अवतार’ म्हटले तर तो अनेकांपैकी एक ठरतो. माणसाच्या देवाशी असलेल्या नात्याला भाषांतरकारांनी ‘विश्वास’ हा शब्द योजिला, आणि ही निवड विशेष अर्थपूर्ण आहे. ‘भक्ती’ हा शब्द उपासनेच्या क्षेत्रातला आहे, ‘विश्वास’ हा व्यवहारातला. मराठी माणूस गड्यावर, सावकारावर, सोयऱ्यावर विश्वास टाकतो. विश्वासाचा घातही होतो. या शब्दात दिलेल्या वचनाची व ते पाळण्याची कल्पना अंतर्भूत आहे. कृतीवाचून विश्वास निर्जीव आहे हा याकोबाच्या पत्रातील युक्तिवाद मराठी वाचकाला म्हणूनच सहज पटतो.

टिळकांनी (१८६१–१९१९) प्राधान्याने भक्तीची वाट धरली. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतल्यानंतर त्यांनी कीर्तन व अभंग ही माध्यमे ख्रिस्तोपासनेसाठी योजिली आणि आपण तुकोबांच्या मार्गाने ख्रिस्तापाशी आलो अशी कबुली दिली. त्यांच्या अभंगांत ख्रिस्त गुरू होतो, माउली होतो, आणि कवी ‘दास’ ही मुद्रा धारण करतो. हा केवळ वेष नव्हता, याचा पुरावा त्यांच्या आयुष्यात सापडतो. १९१७ मध्ये मिशनची पगारी सेवा सोडून त्यांनी सातारा येथे ‘देवाचा दरबार’ मांडला आणि त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तानुयायांनाही स्थान दिले. भक्ती हाच अधिकार मानला की संस्थेचे सभासदत्व गौण ठरते. टिळकांनी आपल्या शब्दाचा निष्कर्ष शेवटपर्यंत नेला. तथापि या परिभाषेची एक मर्यादा आहे. तिचे केंद्र भक्त आणि देव यांच्या एकांतात आहे. शेजाऱ्याला त्या एकांतात आणण्यासाठी कवीला स्वतंत्र प्रयत्न करावा लागतो.

पंडिता रमाबाईंनी (१८५८–१९२२) याच्या उलट मार्ग पत्करला. संस्कृतवरील प्रभुत्वात त्या टिळकांपेक्षा उण्या नव्हत्या. तरीही हिब्रू व ग्रीक मूळांवरून बायबलचे भाषांतर करताना त्यांनी संस्कृतप्रचुर आणि वेदान्ताच्या छायेतील शब्द टाळण्याचा आग्रह धरला. त्यांच्यासमोर केडगावच्या मुक्तिसदनातील दुष्काळातून वाचलेल्या मुली व विधवा होत्या, आणि त्यांना शास्त्र मध्यस्थावाचून वाचता यावे हा हेतू होता. भाषांतराचे हे काम मृत्यूपूर्वी पुरे झाले; सदनाच्या छापखान्यात छपाईचे काम तेथील स्त्रियाच करीत. हे भाषांतर बायबल सोसायटीच्या भाषांतराप्रमाणे सर्वत्र रूढ झाले नाही. म्हणून त्याला अयशस्वी म्हणणे मात्र घाईचे होईल. शास्त्री-पंडितांनी राखून ठेवलेल्या भाषेने ज्यांना ज्ञानापासून दूर ठेवले त्यांना त्या भाषेचे सौंदर्य दाखविण्यापेक्षा तिचे कुलूप काढणे रमाबाईंना अधिक निकडीचे वाटले. एतद्देशीयतेच्या निकषावर हे भाषांतर उणे ठरते. वाचणारीच्या बाजूने पाहिले असता तेच अधिक जवळचे आहे.

या दोन मार्गांच्या मध्ये लक्ष्मीबाई टिळकांचे ‘स्मृतिचित्रे’ (१९३४–३७) उभे आहे. पतीच्या धर्मांतरानंतर लक्ष्मीबाई काही वर्षे स्वधर्मातच राहिल्या. त्यांच्या परिवर्तनातील निर्णायक क्षण शास्त्रवचनाच्या चर्चेतून आलेला नाही. जातिभेद देवाने केला की माणसाने, हा प्रश्न त्यांनी स्वतःलाच विचारला, आणि यापुढे कोणाच्याही हातचे खाण्यापिण्यास आपली हरकत नाही असे ठरविले. बाप्तिस्मा त्यानंतरचा. येथे विश्वास हा सिद्धान्त म्हणून येत नाही, पाण्याच्या तांब्यात येतो. विनोदी, घरगुती गद्यात सांगितलेला हा प्रसंग मराठी ख्रिस्ती वाङ्मयातील एक महत्त्वाचे धर्मचिंतन आहे, आणि त्याला ना ओवीचा आधार लागला ना भाषांतराच्या परिभाषेचा. ज्या ‘ख्रिस्तायना’चा आरंभ टिळकांनी केला ते पुढे नेणारी लेखणीही हीच होती, परंतु ‘स्मृतिचित्रे’त जे साधले ते त्या महाकाव्यात त्याच प्रमाणात साधलेले नाही, हे मान्य केले पाहिजे.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. भक्तीची भाषा आणि विश्वासाची भाषा या एकाच मापाने कमीअधिक ‘मराठी’ ठरविता येणार नाहीत. दोन्ही मराठीच्याच आहेत, एक देवळातील व दिंडीतील, दुसरी ओसरीवरील व बाजारातील. पहिलीने मराठी ख्रिस्ती वाङ्मयाला काव्य दिले. दुसरीने त्या वाङ्मयाला त्याच्या शब्दाचा हिशेब मागितला. देवळाच्या पायरीशी ज्याला थांबविले गेले त्या वाचकाची बाजू ध्यानी घेतल्याखेरीज या दोहोंचे मूल्यमापन पुरे होणार नाही. पुढील अभ्यासकाने ‘हे किती आपल्यासारखे आहे?’ या प्रश्नाआधी ‘हे कोणासाठी लिहिले, आणि ते वाचून त्याला कसे जगावे लागले?’ हा प्रश्न ठेवावा.